उंची १.२ मीटरच, पण सेकंद सोळा: वेलिगामाच्या एका सर्फिंग सहलीचे प्रकरण

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गाल्ले आणि मातारा यांच्यामध्ये वेलिगामाचा उपसागर आहे. तोंड दक्षिणेला, रुंदी साधारण दोन किलोमीटर, तळाला वाळू आणि किनारा हळूहळू खोल होत जाणारा. नवशिक्याला कंबरभर पाण्यात उभे राहून शिकता येईल अशा जागा उष्ण कटिबंधात फार नाहीत. ही त्यातली एक. तिथून पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर मिडिगामा आहे. रस्ता तोच, रेल्वेमार्ग तोच, समुद्रही तोच, फक्त मिडिगामात पाण्याखाली वाळूऐवजी रीफ, म्हणजे प्रवाळ-खडकाचा तळ, आहे. पुढचे प्रकरण या पाच-सहा किलोमीटरच्या अंतरात घडते. यातला गट नमुन्याचा आहे. समुद्राची वागणूक आणि चुका मात्र मार्चअखेर तिथे नेहमी दिसणाऱ्याच आहेत.

गट आणि बेत

पुण्याचे चौघे, गुढीपाडव्याला जोडून काढलेली पाच दिवसांची सुट्टी. दोघांनी आधी गोव्यात आश्वे-मांद्रेच्या किनाऱ्यावर तीन-तीन धडे घेतलेले. तिसरी तलावात उत्तम पोहणारी, पण बोर्डवर कधीच न चढलेली. चौथ्याला जेमतेम २५ मीटर पोहता येते. बेत असा, की पहिले दोन दिवस वेलिगामात शिक्षक घेऊन सराव करायचा आणि तिसऱ्या दिवशी ‘खरी लाट’ घ्यायला मिडिगामाला जायचे.

पहिले दोन दिवस छान गेले. ॲपवर स्वेल (दुरून येणाऱ्या लाटा) १.२ मीटर, पिरियड (एका लाटेमागून दुसरी येईपर्यंतचा वेळ) ९ सेकंद, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य. सकाळी जमिनीकडून येणारे हलके मतलई वारे, त्यामुळे पाणी गुळगुळीत. अकरानंतर खारे वारे सुरू झाले की पाणी खवळे आणि लाटांचा आकार मोडे. गोव्यात शिकलेले दोघेही फेसाळ पाण्यात उभे राहू लागले, एकाने दोन न फुटलेल्या लाटाही धरल्या. उपसागराच्या आडोशाला लाट कंबरेच्या वर क्वचितच गेली. त्यावरून गटाने मनात हिशेब मांडला, की अंदाजात १.२ मीटर म्हणजे प्रत्यक्षात कंबरेइतकी लाट. पुढचे सगळे या हिशेबातून झाले.

तिसऱ्या दिवसाचा अंदाजही १.२ मीटरच होता. फक्त पिरियड १६ सेकंद झाला होता, आणि तो रकाना कोणी वाचला नाही.

सकाळी काय झाले

पावणेसातला रिक्षाने चौघे मिडिगामात उतरले. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाचेक मिनिटे पाणी पाहिले. गुडघ्याइतक्या दोन-तीन लाटा आल्या, बाकी सपाट. ओहोटी चालू होती, ती साडेआठच्या सुमारास तळ गाठणार होती. शेजारच्या दुकानातून बोर्ड भाड्याने घेतले. शिक्षक घेतला नाही, कारण ‘आज तर वेलिगामापेक्षाही शांत आहे’. चौथा पोहण्यात कच्चा, म्हणून तो फोन घेऊन किनाऱ्यावर थांबला. तिघे रिक्षा थांबली होती तिथूनच सरळ पाण्यात उतरले आणि लाटा फुटतात त्या जागेच्या मधूनच पॅडल करत, म्हणजे बोर्डवर पोटावर पडून हातांनी पाणी मारत, निघाले.

दहाएक मिनिटांनी सेट, म्हणजे मोठ्या लाटांचा गट, आला. सहा लाटा, डोक्याच्या वर. पहिली लाट पुढे फुटली आणि तिघेही तिच्या मागून येणाऱ्या पाच लाटांच्या वाटेत सापडले. ७८ किलो वजनाच्या गड्याने ७ फूट २ इंचांचा फायबरचा बोर्ड घेतला होता. दुसऱ्या लाटेत त्याने तो सोडून दिला, लीशचा, म्हणजे बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीचा, जुना वेल्क्रो सुटला आणि बोर्ड एकटाच खडकांकडे गेला. पोहण्यात पटाईत असलेल्या मुलीने घाबरून पाय खाली टाकले. तिला तळ लागला, तो रीफचा: तळपाय कापला, टाचेत समुद्री साळिंदराचे, म्हणजे सी अर्चिनचे काटे घुसले. तिसरा लाटांबरोबर बाजूच्या खोल पट्ट्यात, म्हणजे चॅनेलमध्ये, लोटला गेला. तिथून पाण्याची ओढ बाहेरच्या दिशेने होती, पण तो बोर्डला धरून राहिला, हात वर केला आणि एका स्थानिक सर्फरने त्याला वळसा घालून किनाऱ्याला आणले. नुकसान: एक जखमी पाय, एक तुटलेला फिन बॉक्स (बोर्डखालचे पाते, म्हणजे फिन, बसवायची खाच) आणि सुट्टीतले उरलेले दोन दिवस.

सोळा सेकंदांनी काय बदलले

स्वेलची उंची हा अर्धाच आकडा आहे. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी काढायची तर पिरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणायचे. ९ सेकंदांची लाट सुमारे १२६ मीटर लांब, १६ सेकंदांची जवळपास ४०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवू लागतो, म्हणजे पहिलीला ६३ मीटरवर आणि दुसरीला २०० मीटरवर. लांब लाट खूप आधीपासून तळाप्रमाणे वळू लागते आणि उथळ भागाकडे ओढली जाते. समुद्रात पुढे आलेल्या रीफवर ती ऊर्जा गोळा होते, उपसागरात ती पसरते. म्हणून एकच अंदाज वेलिगामात कंबरेइतका आणि मिडिगामात डोक्यावर दिसू शकतो.

लाट वाहून आणते ती ऊर्जा उंचीचा वर्ग गुणिले पिरियड या प्रमाणात असते. उंची तीच ठेवून ९ चे १६ सेकंद झाले की ऊर्जा जवळपास १.८ पट. शिवाय उथळ पाण्यात लांब लाट जास्त उभी राहते. वाटेत पसरली वा वळली नाही तर १.२ मीटरची ९ सेकंदांची लाट फुटताना सुमारे १.७ मीटर होते, १६ सेकंदांची सुमारे २.१५ मीटर. त्यात भर म्हणजे अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तासाभरात तिच्या दीडपट लाट येणे हे नेहमीचेच, त्याला कोणी ‘अचानक आलेली लाट’ म्हणू नये.

पाच मिनिटांची ती शांतताही याच १६ सेकंदांची देणगी. दूरवरून आलेल्या लांब लाटा गटागटाने येतात, आणि दोन गटांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जवळपास काहीच येत नाही. आखूड पिरियडच्या समुद्रात पाच मिनिटे पाहून बराचसा अंदाज येतो. लांब पिरियडला त्याच पाच मिनिटांत फक्त मधली विश्रांती दिसते. १४ सेकंदांच्या वर पिरियड असेल तर किमान २५ ते ३० मिनिटे, किंवा दोन पूर्ण सेट होईपर्यंत पाहायचे. फोनचे स्टॉपवॉच लावून तीन गोष्टी टिपायच्या: दोन सेटमधले अंतर, सेटमधल्या लाटांची संख्या, आणि सर्वांत मोठी लाट तिच्यावरच्या माणसाच्या कितव्या भागापर्यंत येते. पाण्यात माणूसच नसेल तर उंचीचा अंदाज हमखास कमी होतो, आणि तिथे कोणीच का नाही हा प्रश्नही विचारण्यासारखा असतो. किनाऱ्यावर थांबलेला चौथा या कामाला अगदी योग्य होता. तो व्हिडिओ काढत बसला.

हा स्वेल येणार हे आदल्या संध्याकाळी दिसत होते. त्याचा जन्म ४० ते ५५ अंश दक्षिण अक्षांशांमधल्या वादळांत होतो. १६ सेकंदांच्या लाटांचा गट ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरला पाच दिवस. सर्वांत लांब लाटा सर्वांत आधी पोहोचतात. विंडी किंवा सर्फलाईन या अंदाजाच्या ॲपवर मुख्य आकड्याखाली दुसऱ्या-तिसऱ्या स्वेलची ओळ असते, तिथे आदल्या संध्याकाळी ‘०.४ मीटर, १९ सेकंद’ असे दिसत होते. उंची क्षुल्लक वाटते म्हणून लोक ती ओळ सोडून देतात. पण १८-२० सेकंदांची ओळ उगवली की पुढच्या २४ तासांत समुद्र बदलणार असे समजून चालावे. दक्षिण गोलार्धातला हिवाळा जवळ येऊ लागतो तसे मार्च-एप्रिलपासून असे स्वेल वाढतात. याच प्रकारचे स्वेल केरळच्या किनाऱ्यावर वारा नसताना पाणी गावात घुसवतात, त्याला तिथे कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादचे समुद्रमाहिती केंद्र इन्कॉइस त्याचे इशारे देते. भारतीय किनाऱ्यासाठी असा इशारा निघाला असेल तर लंकेच्या दक्षिणेला त्या दिवशी नवशिक्याने रीफवर जाऊ नये, एवढा सरळ नियम पुरतो.

गोव्यात शिकलेल्यांची इथे एक खास अडचण होते. अरबी समुद्रात पावसाळा सोडला तर नवशिक्याला भेटतात त्या बहुतेक आखूड पिरियडच्या, जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा. तिथे उंचीचा आकडा आणि प्रत्यक्ष लाट यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो, म्हणून पिरियड वाचायची सवयच लागत नाही. भरती-ओहोटीचेही तसेच. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. वेलिगामाच्या पट्ट्यात फरक अर्ध्या मीटरच्या आसपास. कोकणातून गेलेल्याला तो नगण्य वाटतो. वाळूवर तो खरोखर फारसा जाणवत नाही. पण भरतीला रीफवर १.२ मीटर पाणी असेल तर ओहोटीला ७० सेंटिमीटर उरते, आणि पडणाऱ्या माणसाला हे ५० सेंटिमीटरच वाचवतात. अनोळखी रीफवर ओहोटी लागलेली असताना उतरू नये. भरती अर्धी झाली की उतरावे, म्हणजे पाण्यात असेपर्यंत खोली वाढत जाते. श्रीलंकेची वेळ भारताचीच आहे, त्यामुळे तक्ते वाचताना तासांचा घोळ होत नाही. रोज भरती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते तेवढे लक्षात ठेवले की झाले.

वाट चुकली

मिडिगामाच्या लेझी लेफ्टसारख्या जागा योग्य दिवशी तितक्या भीतीदायक नाहीत. लाट सावकाश उलगडते आणि धाडसी नवशिके तिथे जातात. रॅम्सची गोष्ट निराळी, ती उथळ आणि जोरकस आहे, अनुभवी लोकांसाठीच. एकाच गावात दोन-तीनशे मीटरच्या आत इतका फरक पडतो, म्हणून ‘मिडिगामाला जाऊ’ एवढे ठरवणे पुरेसे नसते. कोणत्या जागी, तेही ठरवायला हवे.

रीफवर जायची वाट चॅनेलमधून असते: रीफच्या बाजूचा खोल पट्टा, जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी थोडे गडद दिसते. आधी आत गेलेले सर्फर कुठून जातात ते पाहिले की वाट कळते. या तिघांनी शांततेत सरळ वाट धरली, ती सेट येईपर्यंतच सरळ होती.

सेटमध्ये सापडल्यावर नवशिका पुढे जायचा हट्ट धरतो आणि प्रत्येक लाटेला होता तिथेच राहतो. इथे मात्र १६ सेकंद कामाला येतात. डोके वर आल्यावर श्वास घेऊन बोर्ड ओढून घ्यायला चार-पाच सेकंद जातात, उरलेल्या दहा सेकंदांत नवशिका आठ-दहा मीटर जाऊ शकतो. ते मीटर आडवे, चॅनेलच्या दिशेने खर्च करायचे. तीन लाटांत माणूस बाहेर पडतो. लाट अंगावर येताना बोर्ड सोडायचा नाही. मोठा फोम बोर्ड असेल तर उलटे होऊन तो वर आणि आपण खाली, दोन्ही कडा घट्ट धरून. सोडावाच लागला तर आधी मागे कोणी नाही ना हे पाहायचे, कारण बोर्ड अधिक लीश मिळून मागे पाच मीटरपर्यंत कोणालाही लागू शकतो. पडताना उडी पाठीवर किंवा कुशीवर, पसरट. पाय खाली टाकून उभी उडी मारायची नाही. वर येताना हात डोक्याभोवती. पाण्याची खोली छातीएवढी असली तरी रीफवर उभे राहायचे नाही, बोर्डवर पोटावर पडूनच यायचे. चॅनेलमध्ये लोटल्या गेलेल्या तिसऱ्याने केले तेच बरोबर होते: बोर्ड धरून ठेवला, ओढीच्या विरुद्ध पोहला नाही, हात वर केला.

बोर्ड आणि लीश

७८ किलोच्या नवशिक्याला किमान ८० लिटरचा बोर्ड हवा, म्हणजे साधारण साडेआठ-नऊ फुटी फोम बोर्ड. ७ फूट २ इंचांच्या फायबर बोर्डचे आकारमान बहुधा ४५ ते ५० लिटर असते. तो पाण्यात खोल बसतो, पॅडलचा वेग पडतो, लाट उशिरा धरली जाते आणि टेकऑफ, म्हणजे लाट धरून उभे राहणे, कड्यावरून होतो. दुकानदार हा बोर्ड ‘पुढची पायरी’ म्हणून देतात. ती पायरी न फुटलेली लाट दहापैकी सात-आठ वेळा धरता येऊ लागल्यावरची आहे, दोन दिवसांच्या फेसाळ पाण्यानंतरची नाही.

भाड्याच्या दुकानात बघायचे ते असे. लीश बोर्डइतकी किंवा किंचित लांब. वेल्क्रो बंद करून दोन्ही हातांनी जोरात ओढायचा, कडेचे आकडे झिजलेले असतील तर बदलून मागायचा. दोरीला कुठे चीर वा गाठ नको. लीशच्या टोकाची बारीक दोरी बोर्डच्या कडेवर येत नाही ना, ते पाहायचे, नाहीतर ओढ बसली की ती कड कापते. फिन हाताने हलवून बघायचे. फायबर बोर्डला भेग असेल आणि ती दाबल्यावर पाणी सुटत असेल तर तो घेऊ नये. मग दुकानदारासमोरच दोन्ही बाजू, कडा आणि फिन बॉक्स यांचे फोटो. तुटलेल्या फिन बॉक्सवरचा वाद अशा फोटोंशिवाय प्रवासीच हरतो. पाणी २७ ते २९ अंश असते, वेटसूट लागत नाही. लांब बाह्यांची लायक्रा, झिंकचे सनस्क्रीन आणि बोर्डवर पाय घसरू नये म्हणून लावायचा, उष्ण पाण्यासाठीचा ‘ट्रॉपिकल’ वॅक्स एवढे बास. थंड पाण्याचा वॅक्स इथे वितळून ओघळतो. सूर्योदय मार्चअखेर सव्वासहाच्या आसपास, तेव्हा सहा ते साडेनऊ हा दिवसाचा सर्वांत चांगला काळ.

त्या दिवशी काय करता आले असते

वेलिगामातच थांबायचे. १६ सेकंदांचा स्वेल वाळूच्या सरळ किनाऱ्यावर लांबच्या लांब एकदम कोसळतो, म्हणजे आडवे जाण्यासारखी लाट मिळत नाही, फेसाचा धक्का मात्र दणकट असतो. उपसागराच्या मध्यावर लाट मोठी, टोकांकडे आडोसा; तिकडे सरकून कंबरभर पाण्यातच सराव करायचा. दोन वाळूपट्ट्यांमधल्या, लाटा न फुटणाऱ्या शांत पट्टीत रिप (समुद्राकडे ओढणारा प्रवाह) असते. सेटनंतर तिची ओढ वाढते, आणि नवशिके नेमके तिथेच ‘सोपे’ म्हणून उतरतात. पोहण्यात कच्च्या माणसाने कंबरेच्या पुढे जाऊच नये, बोर्ड हे पोहण्याला पर्यायी साधन नाही.

वेलिगामात रोजचा धोका समुद्रापेक्षा गर्दीचा असतो. एका लाटेवर आठ-दहा शिकाऊ बोर्ड असतात. शेजाऱ्यापासून किमान पाच मीटर अंतर, फुटणाऱ्या टोकाजवळच्या माणसाचा हक्क पहिला, आणि बोर्ड कधीही आपल्या व लाटेच्या मध्ये आडवा धरायचा नाही, पोटात बसतो.

गटाला पाचव्या दिवशी, स्वेल १ मीटर आणि १२ सेकंदांवर उतरल्यावर, शिक्षकासह मिडिगामाच्या लेझी लेफ्टवर भरतीच्या वेळी जाता आले असते. पाय शाबूत असते तर.

जखम, आणि पुढची तयारी

रीफची जखम दिसते त्यापेक्षा वाईट असते, कारण आत प्रवाळाचे कण आणि चिकट घाण राहतात. भरपूर स्वच्छ गोड्या पाण्याने धुवून साबण व मऊ ब्रशने घासायची, दुखले तरी. मग पोविडोन-आयोडीन. चिकटपट्टीने घट्ट बंद करायची नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवायचे. जखम बंद होईपर्यंत समुद्र नाही. अर्चिनच्या काट्यांसाठी पाय सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवायचा, वर दिसणारे काटे चिमट्याने सरळ ओढायचे, खोलवरचे खणायचे नाहीत. सांध्याजवळ काटा असेल किंवा दुसऱ्या दिवशी लाली पसरली तर डॉक्टर. श्रीलंकेत १९९० या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. त्या भागातले मोठे सरकारी रुग्णालय गाल्लेजवळ करापिटियाला आहे.

सुट्टीच्या तारखा आपल्याकडच्या कॅलेंडरने ठरतात, समुद्राच्या नाही. दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे नैर्ऋत्य मान्सूनचा वारा समुद्राकडून थेट तोंडावर येऊ लागतो. तेव्हा पूर्वेकडचा अरुगम बे उघडतो आणि तो सप्टेंबरपर्यंत चालतो. तिथे नवशिक्याने मुख्य पॉइंट सोडून बेबी पॉइंट किंवा व्हिस्की पॉइंट पाहावा. दिवाळीत दक्षिणेला पावसाचे दिवस फार, पण गर्दी कमी.

मुंबई-कोलंबो थेट विमान आहे. कोलंबोच्या काटुनायके विमानतळावरून द्रुतगती मार्गाने अडीच-तीन तास, वेलिगामासाठी कोक्माडुवाला बाहेर पडायचे. वेळ असेल तर कोलंबो फोर्टहून किनाऱ्याच्या कडेने जाणारी मातारा गाडी. प्रवास विमा काढताना ‘साहसी खेळ’ वगळलेत का ते पाहावे. बऱ्याच साध्या पॉलिसींत सर्फिंग त्या यादीत असते, आणि टाचेतल्या काट्याचे बिल मग स्वतःच भरावे लागते.